दुसरा हात मारण्याआधी



या आठवड्याच्या टपालात एक जाड पाकीट आलं. आत चार पानी पत्र, आणि कागदाच्या पुडीत रंगाचा एक पापुद्रा. बोटाच्या पेराएवढा. वरून राखाडी, चकचकीत. खालच्या बाजूला सिमेंटचं पीठ चिकटलेलं. पत्र निफाड तालुक्यातल्या एका वहिनींचं आहे. नाव छापू नका असं त्यांनी बजावलंय, म्हणून छापत नाही. पण त्यांची अडचण आता बऱ्याच घरांत येऊ लागली आहे, तेव्हा पत्रातला थोडा मजकूर देते.

"ताईंना सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. आमची ट्रॅक्टरची शेड आहे, २० फूट लांब आणि १५ फूट रुंद. खाली सिमेंटचा कोबा. कोब्याची धूळ फार उठते, पोत्यांना लागते, झाडून झाडून हात दुखतात. शहरात मोटारीच्या गॅरेजला इपॉक्सी रंग लावतात, तो लावू असं मी म्हटलं. घरात कुणाला पटेना. शेवटी माझ्या दुधाच्या पैशातून साडेसहा हजारांचं सामान आणलं. आर्द्रा लागल्यावर पावसानं रानातलं काम थांबलं होतं, त्या दोन दिवसांत मी आणि धाकट्या भाऊजींनी मिळून रंग लावला. आज सव्वा महिना झाला. दाराशी पांढरट ढग उठलेत. मधे एक पट्टा चमकतो तर शेजारचा मंद दिसतो. मागच्या कोपऱ्यात ताटाएवढी जागा अजून बोटाला चिकटते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाखालचा रंग चाकाबरोबरच उठून आला. आणि मधोमध पाणी साचतं. दुकानदार म्हणतो, वरून आणखी एक हात मारा, सगळं सारखं होईल. सासूबाई म्हणतात, सारवलं असतं तर शेणाला पैसे पडले नसते. हे काही बोलत नाहीत, पण आल्या-गेल्याला मुद्दाम शेड दाखवतात. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन घरात येईल. त्याआधी जमीन नीट व्हायला हवी. दुसरा हात मारू का?"

वहिनी, उत्तर पहिल्या ओळीतच देते. मारू नका.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या घरी गोठ्याशेजारच्या दूध ठेवायच्या खोलीला मी असाच रंग लावला होता. दोन ठिकाणी तो चिकट राहिला. मलाही एका दुकानात हाच सल्ला मिळाला आणि मी तो मुकाट्यानं ऐकला. वरचा हात छान वाळला. आठ दिवस खोली आरशासारखी दिसली. नवव्या दिवशी दुधाचं कॅन सरकवलं, तर वरचा थर सायीसारखा सुरकुतून गोळा झाला. खालचा चिकटा तसाच होता. मग वरचा, खालचा, सगळाच खरवडायला लागला. चार दिवस गुडघ्यावर बसून खरवडत होते, तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. भिंतीवरचा साधा रंग एखादा दोष झाकून घेतो. जमिनीवरचा हा रंग दोष झाकत नाही, उलट त्याच्यावर उभा राहतो. आणि दोष हलला की रंगही हलतो.

तेव्हा तुमच्या पाच तक्रारींचे पाच वेगळे रोग समजा. रोगागणिक औषध वेगळं. सगळ्यांना एकच मलम लावून चालायचं नाही.

हा रंग वाळत नाही, आळतो

आधी या रंगाचा स्वभाव समजून घेऊ. यात दोन डबे येतात. एकात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही एकत्र आले की त्यांच्यात रासायनिक क्रिया सुरू होते आणि पातळ माल कठीण होतो. ओली गोधडी उन्हात वाळते तसं हे वाळणं नव्हे. आपल्याला जवळची उपमा द्यायची तर विरजणाची. दुधाला विरजण लागलं की ते आतूनच बदलतं, तसं. पण एक मोठा फरक आहे. विरजण थोडं कमी पडलं तरी दही उशिरा का होईना लागतं. इथं हार्डनर कमी पडला किंवा नीट मिसळला नाही, तर तेवढी जागा महिन्यानं काय, वर्षानंही घट्ट होत नाही. आणि जास्त घातला म्हणून लवकर, चांगलं होईल असंही नाही. डब्यावर लिहिलेलं माप हेच खरं.

दुसरी गोष्ट थराच्या जाडीची. एक लिटर रंग १०० चौरस फुटांवर पसरला, तर ओला थर साधारण एक दशांश मिलिमीटर होतो. म्हणजे वहीच्या एका कागदाएवढा. वहिनींची शेड ३०० चौरस फुटांची. तिथं तीन लिटर रंग पसरला म्हणजे सगळ्या जमिनीवर एक कागद अंथरला, एवढंच. कागद अंथरून खड्डा भरतो का? मग दुसऱ्या हातानंही भरणार नाही.

आधी जमीन वाचून घ्या

औषधाआधी निदान. त्याला खर्च नाही.

रात्री शेड रिकामी करा. दिवे बंद करा आणि बॅटरी जमिनीला टेकवून आडवा झोत टाका. दिवसा न दिसणारा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक रोलरची कड, चिकटलेला प्रत्येक केस सावली टाकून उभा राहील. हातात खडू ठेवा आणि दिसेल तिथं खूण करा.

दुसऱ्या दिवशी दोन बादल्या पाणी ओता. पाणी कुठं जातं, कुठं थांबतं ते बघा. थांबतं त्या डबक्याच्या काठानं खडूची रेघ मारा. मग सहा फुटी सरळ ॲल्युमिनियमचा पाइप त्यावर आडवा धरा आणि खालची फट मोजा.

जमीन कोरडी झाल्यावर तिसरी परीक्षा. जिथं रंग चांगला वाटतो अशा तीन-चार जागी धारदार पात्यानं फुलीची खूण कापा, पार कोब्यापर्यंत. त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यानं ओढा. पट्टीबरोबर रंगाच्या खपल्या आल्या, तर वरून चांगला दिसणारा रंगही खाली धरलेला नाही. माझा आपला हिशेब असा आहे : निम्म्या जागी तरी तो पक्का असला तर दुरुस्तीच्या भानगडीत पडावं, सगळीकडेच सुटत असला तर मन घट्ट करून पूर्ण काढावा. अर्धवट धरलेल्या रंगावर पैसा घालणं म्हणजे कुजलेल्या मेढीवर नवं छप्पर चढवणं.

चौथी परीक्षा ओलीची. जिथं रंग उठलाय, तिथली दीड फूट लांब-रुंद जागा उघडी करा. त्यावर प्लॅस्टिकचा कागद ठेवून चारही कडा पट्टीनं बंद करा. दुपारी लावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा, म्हणजे किमान १६ तासांनी उचला. कागदाच्या आतून दव दिसलं किंवा कोबा काळपट पडला, तर ओल खालून येते आहे. श्रावणात ही परीक्षा सगळ्यांत कडक होते, म्हणून आत्ताच करून घ्या आणि दिवाळीनंतर पुन्हा एकदा करा.

पाच रोग

पहिला, दाराजवळचे पांढरट ढग. वहिनींनी आर्द्रात रंग लावला, तिथंच याचं मूळ आहे. रंग आळत असताना हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड त्याच्या पृष्ठभागावर हार्डनरशी जुळतात आणि वर एक मेणचट, ओशट साय धरते. दारातून दमट वारा आला, म्हणून दाराशी जास्त. यावर उपाय सोपा, पण क्रम चुकवू नका. आधी कोमट पाण्यात थोडी साबणाची पावडर घालून घासणीनं ती जागा घासा, मग दोनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन काढा. पुष्कळदा एवढ्यानंच खालची चमक परत येते. न धुता सरळ पॉलिश पेपर मारला, तर ती साय निघण्याऐवजी आत रगडली जाते. थिनरनं पुसलं, तर ती नुसती पसरते. धुतल्यावरही डाग मंदच राहिला तर तो रोग चमकेचा, आणि त्याचं औषध पुढच्यात आहे.

दुसरा, चमकता पट्टा आणि मंद पट्टा. हा हाताचा दोष. इथं मी सासूबाईंची साक्ष काढते. सारवताना सासूबाई काय करतात ते आठवा. आतल्या भिंतीपासून सुरुवात करतात आणि दाराकडे मागं मागं सरकतात. आधीचा हात ओला असतानाच त्याच्या कडेवर पुढचा हात घेतात. मधेच उठून चहाला जात नाहीत, कारण कड सुकली की सांधा दिसतो. रोलरचा नियम नेमका हाच आहे. वहिनींच्या पत्रात तिसऱ्या पानावर लिहिलंय की मधे पाहुणे आले आणि अर्धा तास काम थांबलं. तो अर्धा तास आता पट्टा होऊन दिसतोय. शिवाय दोन वेळा माल कालवला असेल आणि दोन्ही वेळचं मिश्रण थोडं वेगळं झालं असेल, तरी पट्टे पडतात.

अशी जागा तुकड्यानं दुरुस्त होत नाही. पट्ट्यावर पट्टा मारला तर तिसरा पट्टा दिसतो. धरलेला सगळा रंग १०० किंवा १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून एकसारखा दुधाळ, मंद करायचा. रंग लावून एक-दोन दिवसांपेक्षा जास्त झाले की नवा थर जुन्या गुळगुळीत थराला धरत नाही, म्हणून हे घासणं टाळता येत नाही. मग धूळ ओल्या फडक्यानं पूर्ण पुसून, जमीन कोरडी करून, सगळीकडे एक पातळ हात. पूर्ण शेड करायची नसेल, तर जिथं कोब्यात सांध्याची रेघ आहे तिथपर्यंत करा. रेघेवर थांबलेला रंग डोळ्याला खटकत नाही.

तिसरा, चिकट कोपरा. वहिनी, मी पैज लावून सांगते : शेवटी बादली उपडी करून, तळाशी उरलेलं तिथंच ओतलं असणार. बादलीच्या कडेला आणि तळाला जो माल चिकटलेला असतो, तो नीट मिसळलेलाच नसतो. तोच तिथं ताटाएवढा पसरला. यावर वाट पाहणं व्यर्थ, वरून रंग लावणं त्याहून व्यर्थ. रंगाऱ्याच्या लोखंडी पट्टीनं तो मुळापासून खरवडून काढा, डब्यावर सांगितलेल्या थिनरच्या फडक्यानं चिकटा पुसा, मग घासा. पुढच्या वेळी दोन बादल्या ठेवा. एकीत दोन्ही माल तीन-चार मिनिटं कडा आणि तळ खरवडत ढवळा, मग सगळं दुसऱ्या कोऱ्या बादलीत ओतून परत ढवळा. आणि बादलीचा तळ जमिनीवर ओतू नका.

चौथा, चाकाखाली उठलेला रंग. पुडीतला पापुद्रा तिथलाच आहे, आणि तो बरंच सांगतो. त्याच्या पाठीला सिमेंटचं पीठ आहे. म्हणजे रंग कोब्याला धरलाच नव्हता, कोब्यावरच्या पिठूळ सायीला धरला होता. नवा कोबा घोटताना पाणी जास्त झालं की वर अशी कच्ची साय येते. तीच वहिनींना वर्षभर धूळ म्हणून त्रास देत होती. ती घासून काढल्याशिवाय रंग लावला, तर रंग त्या धुळीवरच बसतो. त्यात रस्त्यावरून तापून आलेलं चाक वर उभं राहिलं की रबर रंगाला धरतं आणि निघताना ओढून नेतं.

इथं आणखी एक शंका तेलाची. उघड्या जागेवर पाण्याचे थेंब टाका. पाणी लगेच जिरलं तर ठीक. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर खाली तेल आहे. मग गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि खराटा. दोनदा, तीनदा, थेंब जिरेपर्यंत. रॉकेलनं पुसू नका. रॉकेल हेच मुळात तेल, ते आपली ओशट पाठ मागं ठेवून जातं. जमीन साफ झाल्यावर उघडा कोबा घासायच्या मशीननं किंवा जाड दगडानं इतका घासा की हाताला बारीक पॉलिश पेपरासारखा खरखरीत लागला पाहिजे. तालुक्याच्या गावी फरशी घासणारे लोक हे मशीन भाड्यानं देतात. कुणी ॲसिड मारायला सांगतील. बंद शेडमध्ये, शेजारी जनावरं आणि लोखंडी अवजारं असताना, मी तो सल्ला देणार नाही. शिवाय रंग असलेल्या भागावर ॲसिडचा काही उपयोग होत नाही.

पाचवा, मधलं डबकं. हा रंगाचा दोषच नाही. हा गवंड्याचा दोष, किंवा भराव दबल्याचा. रंगापूर्वी तो खडबडीत कोब्यात जिरून जात होता, आता चकचकीत जमिनीवर उघडा पडला. बोलणी मात्र रंग लावणाऱ्याला बसतात. शेडच्या जमिनीला दाराकडे उतार हवा. २० फुटांत अडीच इंच पुरे. आता सगळा उतार बदलता येणार नाही, पण खड्डा भरता येतो. खड्ड्यातला रंग आधी पूर्ण घासून खरखरीत करा. मग कालवलेल्या इपॉक्सीत कोरडी, चाळलेली, स्वच्छ पांढरी वाळू घालून थापीनं भरा आणि सरळ पट्टीनं ओढून घ्या. घट्ट झाल्यावर कडा घासा. रंगावर सिमेंटचा गिलावा मात्र थापू नका. तो धरत नाही, पहिल्याच चाकाखाली तडकतो.

आणि चौथ्या परीक्षेत ओल निघाली तर? मग या पाचांच्या आधी तो सहावा रोग. पत्र्यावरच्या पागोळ्या जोत्याशी पडतात का बघा. पन्हळ लावा, पाणी जोत्यापासून लांब काढा, मागच्या बाजूला चर खणा. त्यानंतरही ओल येत राहिली, लोणा फुटत राहिला, तर तेवढा भाग कोबाच राहू द्या. खालून दाबणाऱ्या ओलीपुढं वरचा साधा रंग टिकत नाही. हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

दसऱ्याची घाई नको

आता वहिनींच्या मनातली खरी गोष्ट. त्यांना हे सगळं सोयाबीन येण्याआधी उरकायचंय. घरात बोलणी बसताहेत, म्हणून. समजतं मला. पण ज्या दमट हवेनं जून महिन्यात घात केला, ती सप्टेंबरातही असणार. घाईनं लावलेला रंग पुन्हा पांढरा पडला, तर पुढच्या साली नुसती बोलणी राहणार नाहीत, "आता पुरे" असा निकालच लागेल.

म्हणून माझा बेत असा. श्रावण-भाद्रपदात फक्त निदान, धुणं आणि खरवडणं. चिकट कोपरा निघू द्या, सुटलेल्या कडा निघू द्या. सोयाबीन आलं की पोती लाकडी फळ्यांवर रचा; जमीन कशीही असली तरी पोतं तिच्यावर थेट ठेवू नयेच. माल बाजारात गेला, दिवाळी झाली, हवा कोरडी पडली की घासकाम आणि रंग. मात्र फार लांबवू नका. निफाडची थंडी निफाडकरांना मी काय सांगणार! पारा दहा अंशांच्या खाली गेला की साधारण इपॉक्सी नीट आळत नाही. दिवाळी आणि कडाक्याची थंडी यांच्या मधले दिवस तुमचे. ते हुकले तर सरळ फेब्रुवारी.

दिवसाची वेळही सांगते. सकाळी जमीन गार असते, दव धरते. दुपारी बारापर्यंत तिला तापू द्या आणि नंतर सुरू करून तीन-साडेतीनला संपवा. सकाळी जमीन तापत असताना रंग लावला, तर कोब्यातली हवा फुगून वर येते आणि बुडबुडे, टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडतात. दुपारनंतर तो त्रास कमी.

माणसं दोन हवीत. एकानं ब्रशनं भिंतीची कड धरायची, दुसऱ्यानं रोलर. मागच्या भिंतीपासून चार-चार फुटांचे पट्टे घेत दाराकडे यायचं. रोलर नवा घ्या, धुऊन, आणि चिकटपट्टीवर फिरवून सुटे केस काढून. प्रत्येक पट्ट्याचा शेवटचा हलका हात एकाच दिशेनं. माल एका वेळी थोडाच कालवा. कालवलेला माल बादलीत ढीग करून ठेवला की आपोआप तापतो आणि लवकर आळतो. मोटामोटी हवा दहा अंशांनी वाढली की हाताशी असलेला वेळ निम्मा होतो. अर्धा डबा वापरायचा असेल तर नजरेनं निम्मं करू नका. मापानं करा, आणि डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की लिटरचं, तेही वाचा.

दोन दिवस पाऊल नको, सात दिवस चाक नको. घरात म्हातारी माणसं असतील तर ये-जा करायच्या पट्ट्यावर, रंग ओला असताना, चाळलेली कोरडी पांढरी वाळू चिमटीनं शिंपडा आणि वरून एक पातळ हात घ्या. चकचकीत जमिनीवर पाणी सांडलं की ती शेवाळासारखी होते. एका मोडलेल्या हाडापुढं सगळी चमक फुकट आहे.

हाताला जपा. हार्डनर कातडीला लागत राहिला तर खाज, पुरळ उठते, आणि एकदा शरीरानं तो धसका घेतला की पुढं नुसत्या स्पर्शानंही त्रास होतो. तेव्हा रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या. हात थिनरनं धुऊ नका, साबणानं धुवा. घासताना नाकाला चांगला मास्क बांधा आणि जमेल तिथं ओलं घासा; सिमेंटची बारीक धूळ छातीला वाईट. थिनर पेट घेतो, म्हणून शेडमध्ये बिडी नको, चूल नको. दार-खिडक्या उघड्या, पोरंबाळं आणि जनावरं लांब. उरलेला माल ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका. दोन्ही भाग थोडे थोडे मिसळून टिनात घट्ट होऊ द्या, मग टाका.

शेवटी सासूबाईंविषयी. वहिनी, त्यांचं बोलणं लागलं असेल, पण त्यांच्या म्हणण्यात खोट नाही. त्यांची जमीन दर आठवड्याला हात मागते आणि चुकली तर पुढच्या आठवड्याला दुरुस्त होते. तुमची जमीन एकदाच हात मागते आणि चुकली तर वर्षभर दाखवते. दोन्ही जमिनींना लागतं ते एकच : आतून दाराकडे येणारा, कड ओली ठेवणारा हात. तो हात तुमच्या घरात तुमच्याहून जास्त त्यांच्याकडे आहे. तेव्हा आज रात्री बॅटरी त्यांच्या हातात द्या, खडू तुम्ही घ्या, आणि विचारा, "आत्याबाई, सांधा कुठं दिसतो?" त्यांच्या डोळ्याला जो दिसेल तो मलाही इथून दिसणार नाही. आणि कार्तिकात रोलर फिरेल तेव्हा त्यांना दारात पाटावर बसवा. पाहुणे आले तर त्या थोपवतील.

तुमचे पैसे बुडालेले नाहीत. कोब्यातला दोष, उताराचा दोष आणि पागोळ्यांचं पाणी रंगानं तुम्हाला दाखवून दिलं, ते एरवी कळलं नसतं. सात दिवसांनी ट्रॅक्टर परत आत लावलात की कळवा. आल्या-गेल्याला शेड दाखवायला घरधनी तर तयार आहेतच!

तुमची ताई